घरातले जैविक धोके: नेमके लक्ष कुठे द्यावे?

शोधयात्री

नमस्कार. आमच्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीवर लवकरच केमोथेरपीचे उपचार सुरू होत आहेत. पुढील काही महिने त्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी राहील, त्यामुळे घर स्वच्छ ठेवा आणि त्यांना संसर्गापासून जपा, असे रुग्णालयातून सांगण्यात आले आहे. सूचना योग्यच आहे. मात्र "स्वच्छ" या शब्दाचा अर्थ घरातील प्रत्येकाने आपापल्या परीने लावला आहे. एकाने उग्र वासाच्या जंतुनाशकाच्या बाटल्या आणून ठेवल्या, दुसऱ्याने हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू केली, आणि तिसऱ्याचे ठाम मत असे की मांजर तातडीने दुसऱ्या घरी पाठवावी.

बुरशी, जिवाणू, विषाणू, झुरळे, उंदीर, पाळीव प्राणी, साठवलेले पाणी ही यादी काढायला बसले की संपत नाही आणि माणसाचा वेळ व शक्ती मात्र मर्यादित असते. म्हणून प्रश्न असा आहे की यांतील खरोखर धोकादायक काय आणि केवळ किळसवाणे काय? कोणती कामे केलीच पाहिजेत आणि कोणती केवळ मनाच्या समाधानासाठी आहेत? डॉक्टरांचा सल्ला आम्ही पाळणारच आहोत. येथे अनुभव आणि अभ्यास या दोन्हींची अपेक्षा आहे.

ओलचिंब

सर्वप्रथम भिंतींकडे पाहा, आणि उपचार सुरू होण्यापूर्वी पाहा. ॲस्परजिलससारख्या बुरशींचे बीजाणू दोन-तीन मायक्रोमीटर इतके लहान असतात आणि ते थेट फुफ्फुसात खोलवर पोचतात. निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्याचे शरीर त्यांचा बंदोबस्तही करते. पांढऱ्या पेशी खालावलेल्या रुग्णाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

बुरशीचे मूळ कारण ओल हेच असते. ही ओल छतातून झिरपते, नळाच्या सांध्यातून येते किंवा थंड पडलेल्या बाहेरच्या भिंतीवर हवेतली वाफ थिजून तयार होते. तिसरा प्रकार सहसा लक्षात येत नाही, कारण तो कपाटामागे घडतो. भिंतीला चिकटवून ठेवलेले मोठे कपाट ओढून पाहिले, तर फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत राखाडी ठिपके दिसतात, ते बोटाला काजळीसारखे लागतात, आणि त्याखालचा रंग किंचित फुगून दाबल्यावर मऊ लागतो. अशा जागी वास सुरुवातीला येत नाही. कपाटातल्या खालच्या कप्प्यातील कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, तेव्हा ते प्रकरण बरेच जुने झालेले असते.

त्यावर रंगाचा हात मारणे निरर्थक आहे, कारण बुरशी नव्या रंगाखालून पुन्हा वर येते. कोरड्या ब्रशने खरवडणे तर त्याहून वाईट, कारण त्याने सगळे बीजाणू खोलीभर पसरतात. पाणी आणि साबण वापरून, एन-९५ मास्क, हातमोजे व चष्मा घालून ओल्या फडक्याने पुसावे आणि जागा पूर्ण कोरडी करावी. गादी, पुठ्ठा, प्लायवूडसारख्या सच्छिद्र, पाणी शोषणाऱ्या वस्तूंमध्ये बुरशी मुरली असेल, तर त्या टाकून देणेच श्रेयस्कर. बाधित जागा सुमारे एक चौरस मीटरहून मोठी असेल, तर जाणकारांकडून काम करून घ्यावे, आणि काम छोटे असो वा मोठे, रुग्ण त्या वेळी घरात नसावा.

घरात आर्द्रतामापक ठेवावा. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के असणे चांगले, आणि ती ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशीला आमंत्रणच आहे. काही भिजले, तर ते २४ ते ४८ तासांच्या आत वाळले पाहिजे.

वाचनवेडा

आपला प्रतिसाद वाचून तत्काळ कपाट ओढले. भिंत कोरडी निघाली. मात्र वाचनालयाचे एक जुने पुस्तक सापडले असून त्याचा दंड बुरशीहून घातक ठरण्याची चिन्हे आहेत.

तळटीप

ओलचिंब, एक शंका. काळी बुरशी विषारी आणि पांढरी-हिरवी तुलनेने निरुपद्रवी, असे सर्वत्र वाचायला मिळते. त्यात तथ्य आहे का?

ओलचिंब

रंगावरून निर्णय घेऊ नये. ओल्या भिंतीवरच्या ज्या बुरशीचे (स्टॅकिबोट्रिस) नाव "काळी बुरशी" म्हणून गाजले, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर अनेक काळ्या बुरशी आहेत, आणि ॲस्परजिलसच्या काही जाती हिरवट असतात. कोणत्याही रंगाची असली तरी ती काढणे आणि ओलीचे मूळ बंद करणे हेच दोन उपाय आहेत. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्यापेक्षा तो खर्च गळती दुरुस्त करण्यावर करावा.

अन्नपरीक्षक

भिंतींचे महत्त्व मान्य करूनही मी स्वयंपाकघराला पहिला क्रमांक देईन. फरशीवर दिवसातून तीनदा जंतुनाशक ओतणाऱ्या घरांतही फ्रीजचे तापमान कोणी मोजलेले नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार. फरशीवरून कोणी जेवत नाही.

फ्रीज ५ अंश सेल्सिअसच्या खाली असला पाहिजे. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहू नये. येथे एक गैरसमज फार पक्का आहे, तो म्हणजे "पुन्हा उकळले की सगळे मरते." जिवाणू मरतात हे खरे, परंतु काहींनी आधीच तयार केलेले विष मरत नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवतानाही टिकून राहतात. तो भात बाहेर राहिला की ते रुजून उलट्या घडवणारे विष तयार करतात, आणि ते विष १२१ अंशांना दीड तास तापवूनही टिकल्याचे आढळले आहे. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी कितीही कडक परतला तरी सुरक्षित होत नाही. उरलेले अन्न मोठ्या पातेल्यात तसेच निवत ठेवू नये. उथळ भांड्यांत विभागून लवकर थंड करावे.

रुग्णासाठी लिस्टेरिया हा जिवाणू विशेष लक्षात ठेवावा, कारण तो फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. कच्चे दूध, त्यापासून केलेले मऊ चीज, न शिजवता खाण्याचे तयार मांसपदार्थ आणि कच्चे मोड हे उपचारांच्या काळात टाळावेत.

फ्रीजच्या दाराची रबरी पट्टी एकदा बोटांनी उलटून पाहा. तिच्या घड्यांमध्ये सांडलेल्या दुधाचे पिवळट कण आणि त्यांवर काळ्या बुरशीची बारीक रेघ, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, हमखास सापडते. साबणाचे पाणी आणि जुना दात घासण्याचा ब्रश एवढ्याने ती निघते. पट्टी सैल झाली असेल, तर दार नीट बसत नाही आणि आतले तापमानही टिकत नाही, म्हणजे एकाच ठिकाणी दोन दोष.

गृहकृत्यदक्ष

अन्नपरीक्षकांशी सहमत. कच्ची कोंबडी धुऊ नये, हेही सांगायला हवे होते. धुतल्याने कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू मरत नाहीत, ते शिंतोड्यांसोबत सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारच्या सॅलडवर जातात.

अन्नपरीक्षक

बरोबर, परंतु त्यात एक मेख आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जिवाणू आढळले, आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत ते पोचले. मात्र न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडवर ते सापडले, कारण मांस हाताळल्यावर हात आणि साधने नीट धुतली गेली नव्हती. म्हणजे केवळ "धुऊ नका" हा नियम पाळून भागत नाही. सॅलड आधी चिरून झाकून ठेवावे, मांस शेवटी हाताळावे, लगेच हात साबणाने धुवावेत आणि कोंबडीच्या आतल्या भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत पोचू द्यावे.

मुक्तचिंतक

क्षमस्व, परंतु हा धागा भीतीकडे झुकत चालला आहे. इतक्या निर्जंतुक घरात वाढलेल्या मुलांनाच ॲलर्जी आणि दमा अधिक होतो, असे संशोधन आहे. माती आणि जंतू यांच्याशी संबंध आला नाही, तर प्रतिकारशक्ती शिकणार कशी? मला तर हे रोगापेक्षा इलाज भयंकर वाटते.

सूक्ष्मदर्शी

मुक्तचिंतक, आपण ज्या संशोधनाचा उल्लेख करता, ते डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मांडलेले गृहीतक आहे. मोठ्या कुटुंबातील, विशेषतः थोरली भावंडे असलेल्या मुलांना परागज्वर (परागकणांची ॲलर्जी) कमी होतो, या निरीक्षणातून ते पुढे आले. त्यानंतरच्या अभ्यासातून कल असा दिसतो की लाभ होतो तो माती, प्राणी, झाडे आणि माणसे यांच्याकडून येणाऱ्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या विविधतेचा. अतिसार किंवा विषबाधा होण्याने प्रतिकारशक्तीचे काही भले होते, असे त्यातून सिद्ध होत नाही. मुलांनी मातीत जरूर खेळावे, आणि जेवणापूर्वी हातही धुवावेत. या दोन गोष्टींत विरोध नाही.

आपल्या म्हणण्यातील एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. घर सतत निर्जंतुक ठेवण्याचा अट्टहास व्यर्थ आहे, कारण पुसलेल्या पृष्ठभागावर माणसाच्या त्वचेवरून आणि हवेतून सूक्ष्मजीव काही तासांत परततात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांचा जंतुनाशक साबणांतील वापर थांबवला, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयुक्त असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही. म्हणून जंतू कोठून कोठे जातात, तो मार्ग आणि ती वेळ पकडावी: मांस हाताळल्यावर, शौचानंतर, जेवणापूर्वी, आजारी माणसाची सेवा केल्यावर, प्राण्याची विष्ठा उचलल्यावर. बाकीच्या वेळी साधी स्वच्छता पुरते.

मुक्तचिंतक

इतके संयत उत्तर अपेक्षित नव्हते, त्यामुळे वाद घालण्याचा उत्साह मावळला. तरीही माझा मुद्दा निरोगी माणसांपुरता कायम आहे, असे नोंदवतो.

पाणवठा

पाण्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, आणि पुढच्या वर्षी त्यामागचा लिजिओनेला हा जिवाणू ओळखला गेला. हा आजार पाणी पिऊन सहसा होत नाही. शॉवर, कारंजे, बाष्पयंत्र यांतून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे गेले की होतो. साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात हा जिवाणू वाढतो. वीज वाचवण्यासाठी साठवणीच्या गीझरचे तापमान ४० अंशांवर आणून ठेवले जाते, तेव्हा आपण नकळत त्याला मानवणारे तापमान देत असतो. टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवावे आणि भाजू नये म्हणून नळाशी थंड पाणी मिसळण्याची सोय करावी.

पाहुण्यांच्या स्नानगृहासारखा क्वचित वापरला जाणारा शॉवर रुग्णासाठी अचानक उघडू नये. आधी काही मिनिटे पाणी सोडून द्यावे आणि त्या वेळी तुषारांपासून दूर राहावे. शॉवरचा मुखभाग फिरवून काढला, की आतील जाळीवर क्षारांचे पांढरे खडे आणि त्यांच्या आडोशाला तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. हा थर केवळ पाण्याने जात नाही. क्षार विरघळवणाऱ्या द्रावणात भाग बुडवून ठेवावा आणि मग घासावा.

नाक धुण्याची सवय कोणाला असेल, तर त्यासाठी नळाचे पाणी जसेच्या तसे वापरू नये. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ मध्ये दोन व्यक्तींचा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोचलेल्या निग्लेरिया अमीबामुळे मृत्यू झाला. हा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु टाळणे सोपे आहे: पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि मगच वापरावे. नळाचे असे पाणी प्यायल्याने मात्र तो आजार होत नाही.

चौकटराजा

कमोडचे झाकण लावून फ्लश करण्याबद्दल घरोघरी युद्धे होतात. त्याचा निकाल येथे लागला तर बरे.

सूक्ष्मदर्शी

निकाल दोन्ही पक्षांना नाराज करील. कोलोरॅडोमधील अभियंत्यांनी २०२२ मध्ये लेझरच्या प्रकाशात दाखवले की झाकण नसलेला कमोड फ्लश केल्यावर बारीक थेंब आठ सेकंदांत सुमारे दीड मीटर उंचीवर पोचतात. झाकणवाल्यांचा विजय झाला असे वाटले. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात झाकण उघडे असो वा बंद, आजूबाजूच्या पृष्ठभागांवर पडणाऱ्या विषाणूंच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही, कारण झाकण आणि बैठक यांच्यातील फटीतून थेंब बाजूंना निसटतात. जंतुनाशक घालून कमोड घासल्याने मात्र विषाणूंचे प्रमाण स्पष्टपणे घटले. झाकण लावावे, त्याने काही बिघडत नाही. भरवसा मात्र घासण्यावर आणि हात धुण्यावर ठेवावा. दात घासण्याचे ब्रश कमोडजवळून हलवावेत, हे वेगळे सांगायला नको.

चौकटराजा

आमच्या घरी हा प्रतिसाद दाखवला. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचे जाहीर केले आहे.

रसायनी

धागालेखकांनी उग्र वासाच्या बाटल्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून एक इशारा देतो. जैविक धोका टाळताना रासायनिक ओढवून घेणे ही आगीतून फुफाट्यात पडण्याची रीत आहे. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव एकत्र आले की क्लोरामाइन वायू होतात. दोन्ही बंद स्नानगृहात घातक ठरू शकतात. बाटल्या वेगळ्या खणात ठेवाव्यात, एकावर दुसरे ओतू नये आणि खिडकी उघडी असावी.

दुसरे, मळावर जंतुनाशक ओतण्याचा उपयोग होत नाही. आधी साबणाने मळ काढावा, मग जंतुनाशक लावावे आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहू द्यावा. बहुतेक जण फवारतात आणि लगेच पुसतात, त्यामुळे फक्त वास शिल्लक राहतो. पाण्यात मिसळलेले ब्लीच रोजच्या रोज ताजे करावे. ते साठवून ठेवल्याने कमजोर होते.

अल्कोहोलचे सॅनिटायझर सर्वत्र चालते, हाही समज सोडावा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस त्याला फारसा बधत नाही, आणि अत्यल्प विषाणूदेखील आजार घडवायला पुरतात. घरात कोणाला उलट्या होत असतील, तर साबण-पाण्याने हात धुणे आणि ती जागा ब्लीचने पुसणे हाच मार्ग आहे.

गृहकृत्यदक्ष

भांडी घासायच्या स्पंजाबद्दल काय? तो मायक्रोवेव्हमध्ये तापवावा असे सुचवले जाते.

अन्नपरीक्षक

जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये वापरातील १४ स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये ५० अब्जांहून अधिक जिवाणू आढळले, आणि नियमितपणे तापवून किंवा धुऊन घेतलेले स्पंज इतरांपेक्षा उजवे ठरले नाहीत. उलट काही नकोशा जिवाणूंचे प्रमाण त्यांत अधिक होते. त्यामुळे तापवण्याच्या भानगडीत पडण्याऐवजी तो लवकर बदलावा, किंवा पटकन वाळणारी घासणी अथवा ब्रश वापरावा. आणि ओटा पुसायचे फडके व भांड्यांचे फडके एकच असू नये.

सुतारपक्षी

अवांतर होईल, पण चिरण्यासाठी लाकडी फळी वाईट आणि प्लास्टिकची चांगली, ही समजूत कितपत खरी? माझा व्यवसाय लाकडाचा असल्याने मी पक्षपाती आहे, हे आधीच मान्य करतो.

सूक्ष्मदर्शी

या प्रश्नात आपला पक्षपात चालून जाईल. १९९० च्या दशकात डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत असे दिसले की लाकडात शोषले गेलेले जिवाणू वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात, तर सुरीचे चरे पडलेल्या जुन्या प्लास्टिकमधून ते हाताने घासून काढणे कठीण जाते. नवे, गुळगुळीत प्लास्टिक मात्र सहज स्वच्छ होते आणि भांडी धुण्याच्या यंत्रातही चालते. मांसासाठी एक आणि भाजी-फळांसाठी दुसरी फळी ठेवणे, ती पूर्ण वाळवणे आणि खोल चरे पडले की टाकून देणे हे साहित्याच्या निवडीहून महत्त्वाचे आहे.

गच्चीवरून

कबुतरे आणि उंदीर राहिले. खिडकीच्या कठड्यावर किंवा वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर साचलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकससारखी बुरशी वाढते. शिवाय पिसांच्या व विष्ठेच्या धुळीशी दीर्घकाळ संपर्क आल्यास काही लोकांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. ही विष्ठा कोरडी खरवडू नये. आधी पाणी फवारून भिजवावी, मास्क घालावा, खिडक्या बंद ठेवाव्यात. जाळी लावून प्रवेश बंद केल्याशिवाय ही सफाई अखंड चालूच राहते.

उंदरांच्या लेंड्यांनाही हाच नियम लागू आहे, अधिक काटेकोरपणे. त्यांवर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर चालवल्यास हँटाव्हायरससारखे रोगजंतू हवेत मिसळू शकतात, आणि मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. खोली अर्धा तास उघडी ठेवावी, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे द्रावण शिंपडून पाच मिनिटे मुरू द्यावे, हातमोजे घालून कागदाने उचलावे. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या भोकातूनही आत येतो, त्यामुळे पिंजरा लावण्याआधी पाइपांभोवतीच्या फटी तारेच्या घासणीने आणि सिमेंटने बुजवाव्यात.

निद्रानाश

गाद्या-उशांतील माइट या कोळ्याच्या जातकुळीतील बारीक जीवांचा उल्लेख राहिला. ते चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांनी दमा आणि ॲलर्जी बळावते. ते पाणी पीत नाहीत, हवेतील आर्द्रता शोषतात, म्हणून ओलचिंब यांनी सांगितलेला आर्द्रतामापक येथेही कामी येतो. चादरी आणि उशांचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत.

वाचनवेडा

आपले सदस्यनाम आणि आपला विषय यांतील कार्यकारणभाव आता उमगला.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचनखूण साठवली आहे. काही तपशील देतो, म्हणजे नेमके सांगता येईल. मांजर घरातच राहते, बाहेर जात नाही, कोरडे खाद्य खाते. रुग्णाच्या खोलीत कुंड्या आहेत आणि त्यांना फुलदाणीत ताजी फुले ठेवायला आवडतात. हवेत ओलावा सोडणारे एक यंत्र भेट म्हणून आले आहे, ते अजून खोक्यातच आहे. आणखी, त्यांना मधुमेहासाठी इन्सुलिनची इंजेक्शने घरीच घ्यावी लागतात. या परिस्थितीत क्रम कसा लावावा?

रात्रपाळी

अनेक वर्षे कर्करोग विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यावरून लिहिते. सर्वांत मोठा जैविक धोका खोकणारा पाहुणा हा असतो, आणि त्याच्याविषयी या धाग्यावर कोणी लिहिले नाही. केमोथेरपीच्या प्रत्येक मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या काळात सर्दी-ताप असलेल्या कोणालाही, कितीही जवळचा असला तरी, घरात घेऊ नये. घरातील इतरांनी आपल्या लसी डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्याव्यात. आणि रुग्णाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे. घरी तापाची गोळी देऊन पाहणे घातक ठरते, कारण ताप दबतो आणि संसर्ग वाढत राहतो.

कुंड्या त्या खोलीतून बाहेर काढा. मातीत बुरशीचे बीजाणू असतात आणि कुंडी उकरणे हे तर रुग्णाने करूच नये. फुलदाणीतील शिळ्या पाण्यात जिवाणू भरपूर वाढतात, तेव्हा उपचार संपेपर्यंत फुले खोलीत नकोत. त्यांना वाईट वाटेल, म्हणून कारण आधी सांगा. ओलावा सोडणारे यंत्र खोक्यातच राहू द्या. त्याच्या टाकीतील पाणी रोज बदलून ती रोज वाळवली नाही, तर त्यात जे वाढेल ते थेट श्वासात जाईल.

इन्सुलिनच्या सुया जाड, न टोचणाऱ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात टाका. सुईला पुन्हा टोपण लावायला जाताना बोटाला टोचते, म्हणून ते करू नका. डबा पाऊण भरला की रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात तो कोठे स्वीकारला जातो, ते विचारा. साध्या कचऱ्यात सैल सुया टाकल्यास इजा कचरा उचलणाऱ्याला होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. म्हणून दाढीचे पाते, नखे कापायचे साधन आणि दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाचा वेगळाच असावा.

तळटीप

मांजरीचे काय? टोक्सोप्लाझ्मा या विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवीमुळे ती पाठवून द्यावी, असेच बहुतेक जण म्हणतील.

रात्रपाळी

मी तसे म्हणणार नाही. घराबाहेर न जाणाऱ्या, शिकार न करणाऱ्या आणि कच्चे मांस न खाणाऱ्या मांजरीपासून हा धोका फार कमी असतो. संसर्ग झालेली मांजर ते परजीवी साधारणपणे आयुष्यात एकदाच, काही आठवडे विष्ठेतून टाकते, आणि विष्ठेतील बीजे संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे विष्ठेची पेटी रोजच्या रोज, रुग्णाखेरीज दुसऱ्याने, हातमोजे घालून साफ केली की बराचसा प्रश्न मिटतो. ओरखडे आणि चावणे मात्र गंभीरपणे घ्यावे. तशी जखम झाल्यास साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.

गच्चीवरून

येथे थोडा मतभेद नोंदवतो. पेशी सर्वांत खाली असण्याचे दिवस मोजके असतात, तेवढ्यापुरती मांजर दुसऱ्या खोलीत ठेवायला काय हरकत आहे? नियम पाळणारे घरातील सर्वच जण असतात, असे नाही.

रात्रपाळी

हरकत अजिबात नाही. अंथरुणावर तर तिला येऊ देऊच नये. माझा विरोध घराबाहेर काढण्याला आहे, कारण एकटेपणाने खंगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

शोधयात्री

आपल्या सर्वांच्या प्रतिसादांवरून असे ठरवले आहे: उपचारांपूर्वी कपाटे ओढून भिंती तपासणे आणि स्नानगृहातील गळती बंद करणे, गीझरचे तापमान वाढवणे व शॉवर उघडून साफ करणे, फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवणे, कुंड्या व फुले बाहेर, मांजर घरात, परंतु त्यांच्या खोलीबाहेर. उग्र बाटल्यांपैकी आम्लाची बाटली वेगळ्या खणात गेली आहे. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे की नाही, एवढेच ठरलेले नाही.

ओलचिंब

खोलीच्या आकाराला पुरेसे आणि अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी असलेले यंत्र असेल, तर हवेतील बीजाणूंचे प्रमाण कमी होण्यास मदत होते. मात्र भिंतीत ओल शिल्लक असताना ते घेणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे होय. आधी गळती दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. ओझोन सोडणारे यंत्र तर मुळीच घेऊ नका, कारण ओझोन फुफ्फुसांनाच त्रासदायक असतो.

गृहकृत्यदक्ष

एक शेवटची सूचना. फ्रीजचा थर्मामीटर आणि तापाचा थर्मामीटर दिसायला सारखेच घेऊ नका, आणि तापाच्या थर्मामीटरजवळच रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.